एसपीएसएस ग्रंथालयात आणि संशोधक नव्वद किलोमीटरवर

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका असून शिक्षणशास्त्रात अर्धवेळ पीएच.डी. करीत आहे. आठवी ते दहावीच्या ४१२ विद्यार्थिनींकडून ३६ विधानांची प्रश्नावली भरून घेतली आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एसपीएसएस हे आकडेवारीच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर आहे, पण केवळ चार संगणकांवर, आणि तेही कार्यालयीन वेळेतच वापरता येते. ग्रंथालय माझ्या गावापासून ९० किलोमीटरवर आहे. ग्रंथालयाने दिलेल्या आयडीवरून घरबसल्या नियतकालिके वाचता येतात, मग सॉफ्टवेअरच का मिळत नाही? मार्गदर्शक सरांचा आग्रह आहे की विश्लेषण एसपीएसएसमध्येच हवे. एका सहकाऱ्याने ‘सगळे हेच वापरतात’ म्हणत पेन ड्राइव्हवर त्याची एक प्रत दिली आहे. ती मी अजून उघडलेली नाही. विद्यापीठाच्या फाटकासमोर एक जण पंधरा हजारांत विश्लेषणाचे अख्खे प्रकरण करून देतो. मी काय करावे? ता. क. : माझे वय ४४. आर नावाचे जे काही आहे, ते शिकायला आता उशीर झाला का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पेन ड्राइव्ह उघडला नाही, हे फार बरे केलेत. तो तसाच परत करावा. कारण पुढे येईलच. आपल्या पत्राचा सूर असा आहे की, एसपीएसएससमोर जितके जास्त तास बसायला मिळेल तितके विश्लेषण पुढे सरकेल. माझा अनुभव याच्या उलट आहे. ४१२ प्रश्नावल्यांच्या अभ्यासात त्या सॉफ्टवेअरसमोरच बसून करावे लागणारे काम नीट तयारी असेल तर दोन दिवसांत आटोपते. उरलेले सगळे घरी, आपल्याच लॅपटॉपवर आणि खर्चाविना होऊ शकते.

हे सांगताना मला एसपीएसएसचा जन्मकाळ आठवतो. १९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल यांनी सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी हे पॅकेज तयार केले. त्या काळी संगणक घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. संशोधक आपल्या टेबलाशी बसून कार्डांवर भोके पाडून घेत, आज्ञांची आणि आकड्यांची कार्डे क्रमाने लावत, आणि तो गठ्ठा काखेत मारून संगणक केंद्रात जात. एक कार्ड चुकले की फेरी फुकट, म्हणून गठ्ठा घरीच चारचारदा तपासला जाई. २००९ साली आयबीएमने हे सॉफ्टवेअर विकत घेतले, मधल्या काळात कार्डे जाऊन माउस आला, आणि ‘तिथे बसल्यावर बघू’ ही सवय बहुधा त्या माउसबरोबरच आली. आपली परिस्थिती १९६८ च्या संशोधकासारखी आहे, तेव्हा पद्धतही त्याचीच घ्यावी.

प्रथम घरून का मिळत नाही, ते पाहू. नियतकालिकांच्या बाबतीत वाचक त्या संस्थेचा आहे एवढे सिद्ध झाले की प्रकाशकाला पुरते. दहा जणांनी एकच लेख एकाच वेळी वाचला तरी त्याचे काही बिघडत नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या केंद्राच्या योजनेतही नियतकालिकेच आहेत, विश्लेषणाची सॉफ्टवेअर नाहीत. सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा यंत्रावर किंवा एका वेळी किती जण वापरणार या संख्येवर मोजला जातो. ग्रंथालयाने चार यंत्रांचे पैसे भरले असतील, तर पाचव्या यंत्रावर ते चालवण्याचा अधिकार ग्रंथपालांनाही नसतो. त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

तरीही ग्रंथपालांना भेटावे, आणि ‘घरी मिळेल का’ असे मोघम न विचारता नेमके विचारावे. परवाना यंत्रागणिक आहे की एकाच वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येवर आहे? दुसऱ्या प्रकारात काही वेळा परवाना ठरावीक दिवसांपुरता लॅपटॉपवर उतरवून नेण्याची सोय असते. विद्यापीठाने ती खुली ठेवली असेल तर आपला निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. परवान्याची मुदत कोणत्या तारखेला संपते? नूतनीकरण रखडले म्हणून ऐन प्रबंध सादर करण्याच्या महिन्यात हताश होऊन परतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. आवृत्ती कोणती आणि त्यात कोणते भाग घेतले आहेत? एसपीएसएस तुकड्यातुकड्यांनी विकले जाते, आणि संरचनात्मक समीकरणांसाठी, म्हणजे अनेक घटकांचे परस्परसंबंध एकत्रितपणे तपासण्यासाठी, लागणारे एमॉस तर वेगळेच घ्यावे लागते. आपल्या आराखड्यात एमॉसचा उल्लेख असेल, तर ते ग्रंथालयात आहे का हे आजच पाहावे. शेवटचा प्रश्न यंत्र बंद केल्यावर फाइली राहतात की पुसल्या जातात, हा. सार्वजनिक संगणक पुन्हा सुरू झाला की मूळ स्थितीत यावा अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी असते, आणि ती योग्यही आहे. पण दुपारी वीज गेली की सकाळपासूनचे काम गेले.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे घरची तयारी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण प्रबंध बिघडतात ते इथेच.

प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भराव्यात : एका विद्यार्थिनीची एक ओळ, एका विधानाचा एक स्तंभ. मुलींची नावे त्या फाइलमध्ये मुळीच नकोत. प्रत्येक प्रश्नावलीवर अनुक्रमांक घालून तोच पहिल्या स्तंभात घ्यावा, आणि नावांची यादी असलीच तर ती घरच्या कपाटात कागदावर राहू द्यावी. अल्पवयीन मुलींची उत्तरे नावांसकट ग्रंथालयातल्या सामायिक संगणकावर उघडणे बरे नव्हे. स्तंभांची नावे ‘वि१’, ‘वि२’ अशी आखूड ठेवावीत. देवनागरी नावे एसपीएसएसला चालतात, परंतु नावाची मर्यादा ६४ बाइटची आहे आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हांत नाव संपवावे लागते. पूर्ण विधान लिहायला लेबलची स्वतंत्र जागा असते. फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात जतन करणार असाल, तर एक्सेलच्या यादीतला ‘यूटीएफ-८’ असे लिहिलेला पर्यायच निवडावा, नाहीतर आपले मराठी प्रश्नचिन्हांच्या रांगेत उभे राहील.

यानंतर कोऱ्या उत्तरांचा प्रश्न. एखाद्या मुलीने एखादे विधान सोडून दिले, तर नोंद करणारे बहुतेक जण तिथे ९ लिहितात. लिहायला हरकत नाही. परंतु हा ९ म्हणजे ‘उत्तर नाही’, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. सांगितले नाही तर काय होते ते आपल्याच आकड्यांवर पाहा. समजा, १ ते ५ च्या श्रेणीवरील एका विधानाला ४०१ मुलींनी उत्तर दिले आणि त्यांची सरासरी ३.४० आली. उरलेल्या ११ जणींच्या खात्यावर ९ पडले आहेत. सॉफ्टवेअर निमूटपणे ४१२ जणींची सरासरी काढते आणि ३.५५ असे उत्तर देते. वयाच्या रकान्यात ९९ घुसले असते, तर याच मुलींचे सरासरी वय सोळाच्या वर गेल्याचे पाहून कोणीही दचकला असता. ३.५५ पाहून कोणी दचकत नाही. उमेदीच्या काळात मी स्वतः असा एक निबंध परिषदेत वाचून आलो आणि टाळ्याही घेतल्या; चूक लक्षात आली ती घरी येऊन कागद आवरताना. म्हणून विश्लेषणाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक स्तंभाची वारंवारता सारणी, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला याची यादी, काढावी आणि १ ते ५ च्या बाहेरचा प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहावा. ३६ विधानांना हे एका सुटीच्या दिवसाचे काम आहे.

दुसरी नेहमीची चूक उलट अर्थाच्या विधानांची. ‘मला गणिताचा तास आवडतो’ आणि ‘गणिताचा तास कधी संपतो असे मला होते’ ही दोन्ही विधाने प्रश्नावलीत असतील, तर दुसऱ्याचे गुण ६ मधून वजा करून घ्यावे लागतात : ५ चा १, ४ चा २. हे राहून गेले की क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतील विधाने परस्परांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा गुणांक, कोसळतो आणि संशोधक चांगल्या प्रश्नावलीला दोष देत बसतो.

घरी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपण दोन घ्यावीत, दोन्ही विनामूल्य आणि कायदेशीर आहेत. पहिले जामोवी. दिसायला ते एसपीएसएसच्या जवळचे आहे, आत आर ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा चालते, आणि एसपीएसएसची आकड्यांची एसएव्ही फाइल ते थेट उघडते. सारण्या पाहणे, आलेख काढणे, आकडेवारीशी ओळख करून घेणे यासाठी ते उत्तम. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले जॅस्पही त्याच घराण्यातले आहे. जामोवीचे कर्ते पूर्वी जॅस्पवरच काम करीत होते. दोन्ही शिकत बसण्याची गरज नाही.

दुसरे पीएसपीपी, आणि आपल्या अडचणीवरचा खरा तोडगा यात आहे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ते एसपीएसएसच्याच धर्तीवर बांधले आहे. रूप साधे आहे, काही प्रगत पद्धती त्यात नाहीत, परंतु एसपीएसएसच्या आज्ञांची भाषा, जिला सिंटॅक्स म्हणतात, ती त्याला कळते. कोरी उत्तरे जाहीर करणे, उलट विधाने फिरवणे, बेरजा, अल्फा, टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना), एकमार्गी अनोव्हा (दोनहून अधिक गटांची तुलना), समाश्रयण (एका घटकावरून दुसऱ्याचा अंदाज), हे सगळे ते करते. म्हणजे आज्ञांची फाइल घरी पीएसपीपीवर लिहावी, चालवून पाहावी, चुका काढाव्यात, आणि तीच फाइल आकड्यांसह घेऊन ग्रंथालयात जावे. तिथे एसपीएसएसमध्ये ती उघडायची आणि चालवायची. पंच कार्डांचा गठ्ठा म्हटले तो हाच. सिंटॅक्स लिहिता येत नसेल तर घाबरू नये. एसपीएसएसच्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ असे बटण असते. पहिल्या फेरीत ‘ओके’ऐवजी तेच दाबत राहावे, आपण माउसने जे निवडले त्याची आज्ञा आपोआप लिहिली जाते. ती फाइल घरी आणावी, वाचावी, आपल्या स्तंभांची नावे घालून वाढवावी. सरांनी सहा महिन्यांनी ‘नववीच्या मुली वगळून पुन्हा काढा’ असे म्हटले, आणि ते म्हणतीलच, तर एक ओळ बदलून सगळी प्रकरणे पुन्हा निघतील.

ग्रंथालयातून निघताना एक गोष्ट विसरू नये. एसपीएसएस आपले निकाल एसपीव्ही नावाच्या फाइलमध्ये ठेवते आणि ती घरी जामोवीत किंवा वर्डमध्ये उघडत नाही. म्हणून तिथेच ‘एक्स्पोर्ट’ करून पीडीएफ आणि वर्ड अशा दोन्ही प्रती घ्याव्यात. निकालांच्या डाव्या यादीत प्रत्येक चाचणीखाली ‘नोट्स’ नावाची एक मिटलेली सारणी असते. ती उघडली की कोणती फाइल वापरली, गाळणी लावली होती का, किती ओळी घेतल्या, कोरी उत्तरे कशी हाताळली, हे सगळे दिसते. मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही, आणि तरीही दहातले नऊ विद्यार्थी ती कधी उघडत नाहीत.

सरांच्या आग्रहाविषयी. तो अकारण नाही. त्यांच्या पिढीने एसपीएसएसवर हात बसवला, परीक्षकांनाही त्याच्या सारण्या ओळखीच्या वाटतात. शिवाय ‘फुकटातल्या सॉफ्टवेअरची उत्तरे जुळत नाहीत’ अशी तक्रार त्यांनी ऐकली असेल, आणि तीत तथ्यही आहे, मात्र कारण वेगळे आहे. १०, २०, ३०, ४० हे चार आकडे घ्या आणि पहिला चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली साधारण पाव आकडे येतात तो बिंदू, विचारा. एसपीएसएस १२.५ सांगते, आर १७.५ सांगते. दोघांचेही बरोबर आहे. चतुर्थक काढण्याची रूढ सूत्रे अनेक आहेत, एकट्या आरमध्ये नऊ आहेत, आणि दोघांनी मुळात वेगवेगळी सूत्रे धरली आहेत. आरला सहाव्या प्रकारचे सूत्र वापरायला सांगितले की तेही १२.५ म्हणते. टी-चाचणीतही असेच होते. एसपीएसएस दोन ओळी छापते, एक दोन्ही गटांतील विखुरलेपण सारखे मानून आणि दुसरी तसे न मानता. आर काही न सांगितल्यास फक्त दुसरी देते. ज्याने एसपीएसएसची पहिली ओळ आणि आरचे उत्तर शेजारी ठेवले, त्याला फरक दिसणारच. आपण एक मुख्य चाचणी जामोवीत आणि एसपीएसएसमध्ये अशी दोन्हीकडे करून, कोणता पर्याय निवडला हे समासात लिहून, सरांपुढे ठेवावी. आकडे जुळलेले पाहिले की त्यांचा आग्रह बराच सैल होईल. नाही झाला तरी बिघडत नाही, कारण अंतिम निकाल आपण ग्रंथालयातल्या एसपीएसएसवरच काढणार आहोत. प्रबंधात सॉफ्टवेअरचे नाव आवृत्तीसह लिहावे, आणि जुन्या आवृत्तीने सार्थकतेच्या, म्हणजे पी-मूल्याच्या, रकान्यात ०.००० असे छापले असेल, तर ते तसेच न उतरवता ०.००१ पेक्षा कमी असे लिहावे. शून्य संभाव्यता असे काही तिथे म्हणायचे नसते.

आता पेन ड्राइव्ह. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे. ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून कारावास माफ करू शकते आणि दंड ५० हजारांपर्यंत ठेवू शकते. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण मला कायद्याहून अधिक काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कुलूप तोडलेल्या अशा प्रती चालवण्यासाठी आधी व्हायरसरोधक बंद करायला सांगतात. ज्या लॅपटॉपवर ४१२ मुलींची उत्तरे आणि आपल्या तीन-चार वर्षांची मेहनत आहे, त्याचे दार आपणच उघडून द्यावे, आणि तेही फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी?

फाटकासमोरच्या गृहस्थांबद्दल थोडक्यात सांगतो. संख्याशास्त्र जाणणाऱ्याची मदत घेणे यात गैर काही नाही; विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात जाऊन कोणती चाचणी लागू पडते असे विचारावे आणि ऋणनिर्देशात त्यांचे नाव घ्यावे. प्रश्नावल्यांची नोंद करायला मदतनीस घेतला तरी चालेल, मात्र दर दहावी प्रश्नावली स्वतः ताडून पाहावी. पण प्रकरणच लिहून घेतले, तर ते प्रबंधातले लबाडीचे प्रकरण ठरते, आणि मौखिक परीक्षेत ‘इथे दुसरी ओळ का घेतली?’ एवढ्या एका प्रश्नाला ते गृहस्थ आपल्या शेजारी नसतात.

राहिला ताजा कलम. ४४ हे वय आर शिकायला उशिराचे नाही, पण या प्रबंधासाठी आर शिकावेच असेही मी म्हणणार नाही. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या सोयीसाठी सुरू केलेली ही भाषा २००० साली पूर्णावस्थेत आली, आणि आज संख्याशास्त्राच्या विभागांत तिचाच वावर जास्त आहे. तिचा पहिला महिना मात्र अवघड जातो, आणि तो महिना आपल्याकडे प्रबंध सादर करण्याआधी आहे असे पत्रावरून वाटत नाही. आत्ता जामोवीतच ‘सिंटॅक्स मोड’ चालू करून ठेवावा. प्रत्येक सारणीच्या वर तिची आरमधील आज्ञा दिसू लागते, आणि रोज डोळ्यांखालून गेलेली लिपी पुढे परकी वाटत नाही. दिवाळीच्या सुटीत सवड झाली, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातील आरचे धडे काढावेत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो, विनामूल्य असतो, आणि पडद्यावर दिसते तेच आपण शेजारच्या खिडकीत करत जायचे असते. प्रकल्पाचे पुष्कळ धडे मराठीतही आहेत, तेव्हा भाषेच्या यादीत आधी मराठी शोधावी.

ग्रंथालयाची पहिली फेरी मात्र दिवाळीपर्यंत लांबवू नका. वारंवारता सारण्या झाल्या की लगेच, शक्यतो सोमवार सोडून, एक दिवस फोन करून यंत्र राखून घ्या, आणि आकड्यांची फाइल पेन ड्राइव्हवर व स्वतःच्या ईमेलवर अशी दोन्हीकडे ठेवूनच गाडीत बसा.